धाब्यावरची खारी

मृग तोंडावर आला की पूर्णेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला पेरणीआधी आणखी एक काम उरकावे लागे. धाब्यावर खारी टाकायची. गावाबाहेरच्या खारवट जागेतून पांढुरकी, भुरभुरीत माती खणायची, बैलगाडीत भरून दारात आणायची, टोपल्या-टोपल्यांनी वर चढवायची आणि सगळ्या छतावर सारखी पसरायची. पन्हाळीकडचा उतार नीट आहे ना, उंदरा-घुशींनी बिळे तर पाडली नाहीत ना, हे पाहायचे. पहिल्या पावसात ही माती भिजून बसे, तिचा लेप तयार होई, आणि मग पाणी आत न मुरता पन्हाळीतून अंगणात पडू लागे. पुढचे चार महिने घरातली माणसे, ज्वारीची पोती आणि सरकी कोरडी राहत ती या लेपाच्या भरवशावर.

वडनेर भोलजी हे याच मुलखातले गाव. बुलढाणा जिल्ह्याचे लोक जिल्ह्याची वाटणी फार सोप्या शब्दांत करतात : घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून उत्तरेकडे उतरले की हवा बदलते, जमीन सपाट होते आणि माती काळीभोर होत जाते. नांदुरा तालुक्यातले वडनेर घाटाखाली, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या दरम्यान, मुंबईहून कोलकात्याला जाणाऱ्या महामार्गावर आहे. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या घाटावरून उतरून याच भागातून पूर्णेला जाऊन मिळतात. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरींचे पाणी मचूळ, जमिनीत सोडियमचे क्षार. अशा मातीला पाणी लागले की चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांपासून सुटतात, मातीतल्या बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि पाण्याची वाट बुजवून टाकतात. शेतात हाच मोठा दोष ठरतो. पाऊस पडला तर पाणी मुरत नाही, वर साचते, मुळे गुदमरतात आणि पीक पिवळे पडते. धाब्यावर मात्र हाच दोष गुण होतो, कारण तिथे पाणी मुरूच नये अशी इच्छा असते. ज्या खारीने शेत नासवले तिलाच या लोकांनी डोक्यावर चढवले आणि तिच्याकडून छप्पर राखून घेतले. आज ज्याला शाश्वत वास्तुरचना म्हणतात तिचा यापेक्षा नेमका नमुना शोधायला दूर जायला नको.

जुन्या कागदपत्रांत आणि बोलण्यात गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते, म्हणून तिच्यावर घर बांधायचे नाही, हे पूर्वजांनी पक्के ठरवले होते. वस्ती उंचवट्यावर, पांढरीवर. पाटला-देशमुखांच्या गढ्यांच्या भिंतीही पांढऱ्या मातीच्याच. त्यातल्या कितीतरी गढ्या छप्पर गेल्यावरही वर्षानुवर्षे उन्हापावसात उभ्या राहिलेल्या वऱ्हाडात पाहायला मिळतात.

साध्या शेतकऱ्याचे घर खणांत मोजले जाई. दोन खणांचे, चार खणांचे. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन किंवा तुराट्या, त्यावर कडुनिंबाचा नाही तर पळसाचा पाला, मग मातीचा थर आणि सगळ्यात वर खारी. भिंती कच्च्या विटांच्या किंवा थरांनी चढवलेल्या मातीच्या, हातभर ते दीड हात जाड. छताला मध्ये एक सवणे ठेवलेले असे. त्यातून चुलीचा धूर वर जाई आणि दुपारी उजेडाचा एक चौकोन जमिनीवर हळूहळू सरके. दिवसभराचे ऊन एवढी जाड भिंत आणि एवढे जाड छत पार करून आत पोचेपर्यंत रात्र झालेली असे, आणि रात्री घरातली माणसे धाब्यावर झोपायला गेलेली असत. सारवणाचे आणि पोताऱ्याचे काम बायांचे होते. घराची डागडुजी ही वर्षाची ठरलेली पाळी होती आणि तिचा मोठा भार बायांच्या हातांवर पडे, हेही विसरता कामा नये. धाब्याचे घर टिके ते दरवर्षी कोणीतरी कंबर मोडून राबत असे म्हणून.

1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1867 पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, मलकापूर, नांदुरा असा जात नागपूरला पोचला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आणला होता आणि खामगावची बाजारपेठ भरभराटीला आली होती. कापूस नेणाऱ्या गाड्यांच्या मार्गाने मंगळुरी कौले, लोखंडी तुळया आणि नाळीदार पत्राही या भागात पोचू लागला. त्याच सुमारास, 1860 च्या दशकात, उत्तरेकडचे मेळघाटचे जंगल राखीव करायला सुरुवात झाली. ज्या सातपुड्यातून सागाच्या कड्या येत, तिथे आता सरकारचा हातोड्याचा शिक्का लागला. घरबांधणीवर पडलेली ही सरकारी धोरणाची पहिली सावली. जंगल राखायला हवेच होते, पण ज्याच्या घराचा सांगाडा जंगलावर उभा होता त्याने पुढे काय करायचे, याचे उत्तर त्या व्यवस्थेकडे नव्हते.

मातीच्या घराला देशाच्या विचारात मानाचे पान मिळाले ते विदर्भातच. 30 एप्रिल 1936 रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. आधी आदी निवास उभे राहिले, आणि मीराबेनने स्वतःसाठी बांधलेली झोपडी पुढे बापू कुटी म्हणून ओळखली गेली. माती, बांबू, लाकूड, कवेलू, आणि भिंतीवर मीराबेनने मातीतच उठवलेली झाडांची चित्रे. आसपास मिळेल त्या साहित्यातून, गावच्या कारागिरांच्या हातून घर झाले पाहिजे, हा आग्रह होता. या कथेत बुलढाणा जिल्ह्याचाही एक तुकडा आहे. सेगाव आणि नांदुऱ्याशेजारचे शेगाव या दोन नावांत टपालाचा घोळ होऊ लागला. शेगाव रेल्वेवरचे मोठे ठिकाण, तेव्हा सेगावची पत्रे तिकडे जात. म्हणून 1940 मध्ये सेगावचे नाव बदलून सेवाग्राम ठेवले गेले. पुढे जानेवारी 1978 मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले, तेव्हा त्यांनी आपले व्याख्यान याच कुटीवर केंद्रित केले. वर्ध्यात देवेंद्र कुमार यांनी उभ्या केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूसारख्या नळ्या एकमेकींत बसवून लाकूड आणि लोखंड न लागणारी कमानदार छपरे तयार केली. साग दुर्मीळ झाला तर गावातला कुंभार छप्पर देऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. वर्ध्याचे हे ज्ञान वडनेरला पोचायला अंतर फार नव्हते, तरी ते पोचले नाही. सिमेंट मात्र पोचले.

तेही सहजासहजी नाही. स्वातंत्र्यानंतरची कितीतरी वर्षे सिमेंट परमिटवर मिळे. विहिरीच्या बांधकामासाठी दहा पोती हवी असली तरी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. महाराष्ट्रात तर सिमेंटने मुख्यमंत्री बदलला. सिमेंटच्या वाटपाशी देणग्यांची सांगड घातल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि जानेवारी 1982 मध्ये बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले, आणि मार्च 1989 मध्ये पूर्णपणे. चंद्रपूर जिल्ह्यातले कारखाने पोती ओतू लागले. महामार्गावरच्या गावांत सिमेंट-लोखंडाची दुकाने थाटली गेली. ज्या वस्तूसाठी अर्ज करावा लागत होता ती उधारीवर दारात येऊ लागली, आणि तिला जी प्रतिष्ठा चिकटली ती आजतागायत सुटलेली नाही. सोयरीक जुळवताना ‘घर स्लॅबचे आहे का’ हा प्रश्न तेव्हापासूनचा.

मग आली 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन करून लोक दमून झोपले होते. चारला काही मिनिटे कमी असताना लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर परिसरातली गावे आपल्याच छपरांखाली गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारी त्या वेळच्या भूकंप नकाशात सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

माणसे मारली ती माळवदांनी, ही बातमी साऱ्या महाराष्ट्रात गेली. मराठवाड्यात माळवद म्हणतात त्यालाच घाटाखाली धाबे म्हणतात. त्यामुळे शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडातही घराघरांत लोक वर पाहू लागले. त्यांची भीती खोटी नव्हती. दरवर्षी नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, या सवयीने छपरे पिढ्यानपिढ्या जड होत गेली होती. पण किल्लारीच्या भिंती मातीच्या नव्हत्या. ओबडधोबड दगडांच्या, मातीत बसवलेल्या, दोन थरांना जोडणारा आडवा दगड नसलेल्या त्या जाड भिंती दोन्ही बाजूंना फुटून कोसळल्या. जिथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळूनही छत तगल्याची उदाहरणे अभियंत्यांना सापडली. शिक्षा द्यायची होती ती छपराच्या वजनाला आणि सांधे नसलेल्या भिंतीला. ती मिळाली मातीला.

विशेष म्हणजे त्याच 1993 साली भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या इमारती भूकंपात कशा टिकवाव्यात याचे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक 13827. भिंतीची जाडी आणि उंची यांचे प्रमाण, दारे-खिडक्या कोपऱ्यापासून किती दूर ठेवायच्या, भिंतीच्या माथ्यावरून लाकडाचा किंवा बांबूचा सलग पट्टा कसा फिरवायचा, छप्पर हलके का हवे, हे सगळे त्यात आहे. माती सोडा असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. किल्लारीनंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली, आणि नव्या घराचे जे चित्र लोकांच्या मनात ठसले ते सिमेंटचे.

त्याआधीपासून शासन घरकुले देत होतेच. 1985 मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. 2016 पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये, किमान 25 चौरस मीटर जागा, शौचालयाला 12 हजार, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. हप्ता मिळवायचा तर पाया, लिंटेल, छत अशा प्रत्येक टप्प्यावर फोटो काढून जिओ-टॅग करायचा. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नव्हते अशा असंख्य कुटुंबांना या योजनेने आसरा दिला आणि त्या उपकाराचे मोल कमी लेखता येत नाही. प्रश्न आहे तो घराला नाव देण्याचा. जनगणनेच्या व्याख्येत मातीची भिंत आणि गवत-मातीचे छप्पर कच्चे, तर लोखंडी पत्रा पक्का. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेली एक खोली हा वंचिततेचा पहिला निकष ठरला. म्हणजे मे महिन्यात हात लावता येणार नाही इतका तापणारा पत्रा शासनाच्या वहीत पक्का, आणि त्याच दुपारी ज्याच्याखाली झोप लागते ते धाबे गरिबीचा पुरावा. ही व्याख्या चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचे सांगायला वडनेरच्या एका दुपारचे ऊन पुरेसे आहे.

योजनेची स्वतःची व्याख्या मात्र शहाणी आहे. नेहमीच्या वापरात, ऊनपावसात, वाजवी देखभाल केल्यास किमान 30 वर्षे टिकेल ते घर पक्के, असे ती म्हणते. स्थानिक साहित्याला मनाई तर नाहीच, उलट उत्तेजन आहे. केंद्राच्या ग्रामविकास खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘पहल’ नावाचा ग्रंथही काढला. प्रकृती, हुनर आणि लोकविद्या हे त्याच्या नावातले शब्द. निरनिराळ्या राज्यांच्या हवामानाप्रमाणे घरांचे नमुने त्यात दिले आहेत. पण गावात मातीची भिंत नीट रचणारा गवंडी उरलेला नसतो, तालुक्याच्या अभियंत्याला तिचे मोजमाप ठाऊक नसते, आणि लाभार्थ्याला हप्ता अडकण्याची धास्ती असते. म्हणून एकाच मापाची, चार-पाच इंची स्लॅबची खोली उभी राहते. संध्याकाळी बाहेर वारा सुटतो तेव्हा दिवसभर तापलेला स्लॅब आत उष्णता सोडू लागतो. काळ्या मातीवर वाढलेल्या नव्या वस्तीत तर आणखी एक दुखणे. पाया फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीवर पडला की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरपी भेग जाते. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेल्या पायाच्या खुंट्या कित्येक दशकांपूर्वी तयार करून ठेवल्या आहेत. घरकुलाच्या पैशांत त्या बसत नाहीत. पूर्वजांनी काळी आणि पांढरी वेगळी का ठेवली होती, ते या भेगा सांगतात.

पर्यावरण खाते आपल्या वाटेने चालले होते. 14 सप्टेंबर 1999 रोजी केंद्राने राखेची अधिसूचना काढली. विटांसाठी शेताचा वरचा कसदार थर खरवडला जातो, तो वाचवायचा आणि औष्णिक वीज केंद्रांची राख वापरात आणायची, हा तिचा हेतू. सुरुवातीला वीज केंद्राभोवतीच्या 50 किलोमीटरचे बंधन होते. 2003 मध्ये ते 100 किलोमीटर झाले, 2016 मध्ये 300, आणि त्याच वेळी सरकारी योजनांतल्या मोठ्या बांधकामांत राखेचे साहित्य सक्तीचे झाले. वडनेर दोन राखांच्या मध्ये आहे. पूर्वेला अकोला जिल्ह्यातले पारस, पश्चिमेला भुसावळजवळचे दीपनगर. दोन्ही 100 किलोमीटरच्या आत. पांढरीच्या मातीऐवजी आता कोळशाची राख भिंतीत आली. शेताचा थर वाचतो, राखेचे ढीग कमी होतात, हे खरे आणि चांगलेही. पण सिमेंट त्यात लागतेच, आणि जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

वाळूचेही तसेच. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. नद्यांच्या बाजूने तो निर्णय हवाच होता. मंजुऱ्या रखडल्या की मात्र पूर्णेकाठच्या गावातला घरकुलाचा लाभार्थी वाळूसाठी वणवण करतो, आणि रात्री वाळू वाहणारे त्याच्याकडून दामदुप्पट घेतात. घरकुलाला पाच ब्रास वाळू फुकट देण्याचा निर्णय झाला, 2023 मध्ये राज्याने डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू विकण्याचे धोरण आणले. एक खाते नदी वाचवते, दुसरे खाते वाळूशिवाय उभे राहणार नाही असेच घर मंजूर करते. या दोन्ही खात्यांनी एका टेबलावर बसून घराचा विचार करायला हवा होता. तसे झाले नाही.

ते होऊ शकते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात घडले. महामार्गांच्या कामाला लागणारी भरावाची माती टेकड्या फोडून न आणता तलाव, नाले आणि नद्यांची पात्रे खोल करून घ्यायची, असे बुलढाणा जिल्ह्यात ठरले. रस्त्याला माती मिळाली, तलावांची साठवण वाढली, आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने ही पद्धत राज्याबाहेरही गेली. रस्ते आणि पाणी ही दोन खाती एकत्र आली तेव्हा हे जमले. 2 ऑक्टोबर 2020 पासून राज्यात माझी वसुंधरा अभियान चालू आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या नावाने ग्रामपंचायतींना गुण मिळतात. झाडे लावली, सौर दिवे बसवले, पाऊसपाणी जिरवले की गुण. गावात नीट राखलेली मातीची किती घरे उभी आहेत, याचीही मोजणी त्यात व्हायला हवी.

घाटाखालच्या गावांत अजून धाब्याची घरे उभी आहेत. ज्यांचे नाव घरकुलाच्या यादीत आले आहे त्यांनी ती पाडण्याआधी थोडे थांबावे. सागाचे खांब, तुळया आणि कड्या भंगाराच्या भावाने देऊ नयेत, नव्या घराच्या माळ्याला आणि दारांना त्या वापरता येतात. जागा पुरत असेल तर नवी खोली शेजारी बांधावी आणि जुनी उन्हाळ्यासाठी राखावी. धाब्यावर साठलेले जुन्या मातीचे थर काढून ते हलके करावे, आणि वर एकच थर खारीचा ठेवावा. स्लॅब पडलाच असेल तर त्याला दर उन्हाळ्यात चुन्याचा पांढरा हात द्यावा. ग्रामपंचायतीने एका तरी घरकुलासाठी तालुक्याच्या अभियंत्याकडे मातीच्या भिंतीचा आणि हलक्या छपराचा आराखडा मागावा. ‘नियमात नाही’ असे उत्तर आले, तर त्यांच्यापुढे 13827 क्रमांकाचे मानक ठेवावे. ते 1993 पासून छापलेले आहे.